शिपायाने हात धुतले

ओयिदियाच्या भांड्यात कुणीतरी हात धुतले होते.

भोपळ्याचं ते भांडं तिने पहाटेच परसात वळचणीखाली ठेवलं होतं. त्यात उलीच्या फळांचा रस होता. ताजा रस दिसायला पाण्यासारखाच, जरासा हिरवट. पण अंगाला लागला की रात्रभरात काळा पडतो आणि मग राख लावा, वाळू घासा, दोन आठवडी बाजार उलटल्याशिवाय हटत नाही. या रसाने पोरीबाळींच्या अंगावर वेली, चांदण्या, सापसरडे काढावेत ते ओयिदियानेच. उमुअझू गावची एकही नवरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय नवऱ्याच्या घरी गेली नव्हती. त्यामुळे तिची स्वतःची बोटं कायम काळी.

संध्याकाळी रानातून आल्यावर तिने भांड्यावरचं अळूचं पान उचललं, तर रस लालभडक आणि तळाला मातीचा गाळ.

कंद लावायचे दिवस होते. गाव उजाडताच रानात जायचं आणि मागे शेळ्या, कोंबड्या आणि उठता न येणारी म्हातारी माणसं तेवढी उरायची. ओयिदियाही म्हातारीच, पण तिला उठता येत होतं आणि याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. मुलगा इबेक्वे कुदळीने माती ओढून गुडघाभर उंच ढीग करायचा आणि त्यात कंद पुरायचा. पोटुशी सून अदाकू ढिगाच्या कडेने मका आणि भेंडी टोचायची. ओयिदिया मागून उन्हाच्या बचावाला वाळकं गवत ठेवत यायची. त्या दिवशी दुपारी अदाकू एकटीच विस्तव आणायला घरी येऊन गेली होती. एवढं ओयिदियाला पुरलं.

"मी कशाला धुईन त्यात हात?" अदाकू म्हणाली. "वर अळूचं पान होतं. मला काय उली ठाऊक नाही?"

"मग शेळीने धुतले असतील," ओयिदिया म्हणाली, आणि सगळा रस केळीच्या बुंध्यात ओतून दिला. भांडं मात्र न विसळता तसंच भिंतीला टेकवलं, येता-जाता सुनेच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून. ओयिदियाचा राग असा टिकाऊ होता. रात्री जेवताना सासू-सुनांमध्ये इबेक्वे बसला होता आणि दोघी मीठसुद्धा त्याच्यामार्फत मागत होत्या.

रस होता चीफच्या नव्या नवरीसाठी.

उमुअझूला राजा नव्हता. ती उणीव गावाला कधी भासली नव्हती, गोऱ्या साहेबाला भासली. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने विचारलं, तुमचा राजा कोण. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. न्वोकेके तेवढा साहेबाकडे बघत होता. त्याला चीफची टोपी मिळाली. टोपी घातल्यापासून तो कोर्टात न्यायाला बसायचा, घरी बायका आणायचा आणि मधल्या वेळात गावाकडून रस्ता करून घ्यायचा. रस्त्यावरून साहेबाची मोटार क्वचित कधीतरी यायची. तिच्यासाठी गावाने वर्षभर माती वाहायची.

गेल्या बैठकीत इबेक्वे उठून म्हणाला होता की आमच्या आळीने तीनदा माती वाहिली, चीफच्या पोरांनी एकदाही नाही. तेव्हा या खेपेला आम्ही कंद लावून झाल्यावरच येऊ. बैठकीतले लोक हसले होते. चीफही हसला होता. त्याच्या हसण्याकडे तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

रस वाया गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाचा शिपाई सॅम्युएल चीफची दोन माणसं घेऊन परसात उभा राहिला. सॅम्युएल दूर किनाऱ्याकडचा, मिशनच्या शाळेत गेलेला. कमरेला लाल पट्टा, खाकी अर्धी चड्डी आणि तिला खिसे. गावात खिसे असलेला तो एकटाच. चीफच्या कोठारातून बियाण्याचे कंद चोरीला गेलेत, झडती आहे, असं त्याने सांगितलं.

झडती म्हटल्यावर माणूस आधी कोठारात बघेल, घरात बघेल, खाटेखाली बघेल. सॅम्युएलने यातलं काही केलं नाही. तो थेट शेळ्यांच्या गोठ्यामागे गेला आणि हनुवटीने जागा दाखवली. चीफच्या माणसांनी माती उकरली. वीतभर खाली चीफच्या कोठारातल्या लाल दोरीने बांधलेले कंद निघाले.

उमुअझूत माणूस मारला तर त्याला काही ना काही भरपाई आहे. बियाण्याचा कंद चोरला तर नाही. कुंपणापलीकडे जमलेल्या शेजाऱ्यांनी कंद बघितले आणि एकेक जण पाठ फिरवून निघून गेला. त्यातल्या कुणी इबेक्वेच्या बापाला खांदा दिलेला, कुणाच्या पोरीच्या अंगावर ओयिदियाने वेली काढलेल्या. इबेक्वे काही बोलायला गेला, तर चीफच्या माणसाने त्याच्या तोंडावर कोपर मारलं. त्याच्याच कोठारातली दोरी घेऊन त्याचे हात मागे बांधले.

ओयिदिया शिपायाकडे बघत होती. एरवी हा माणूस समोरच्याला नमस्कार घालावा इतक्या सहज थप्पड द्यायचा. बायकांना द्यायचा, म्हाताऱ्यांना द्यायचा, एकदा बाजारात वाटेत आली म्हणून एका शेळीला दिली होती. आज सगळा वेळ त्याचे हात खिशात होते. मारायचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. सॅम्युएल असं सुख दुसऱ्याला देईल, हे तिला पटेना. पण मुलाच्या ओठातून रक्त येत होतं आणि तेव्हा ती पुढचा विचार करू शकली नाही.

इबेक्वेला कोर्टामागच्या कोठडीत टाकलं. साहेब आला की खटला, असं ठरलं. तोपर्यंत कोठडीतल्या लोकांनी बसून कशाला राहायचं, म्हणून त्यांना कामाला लावलं. काम चीफच्या रानात कंद लावायचं. तिकडे इबेक्वे चीफचे ढीग करत होता आणि इकडे त्याचं स्वतःचं रान उघडं पडलं होतं.

ढीग घालणं पुरुषाचं काम. बाईने कुदळ घेतली तर लोक बघतात. ओयिदियाने कुदळ घेतली आणि लोकांनी बघितलं. वाटेवरून जाणारी माणसं थबकायची आणि कुणीतरी काहीतरी म्हणायचं. एकदा एक जण म्हणाला, चोराच्या घरात आता मिशा बायकांना येतील. मदतीला आळीतलं कुणी आलं नाही. ज्यांच्या रानात इबेक्वे दरवर्षी पाळीने राबायचा, त्यांनी आपली पाळी मुकाट्याने गिळून टाकली. तिच्या हाताला फोड आले, फुटले, कुदळीचा दांडा चिकट झाला. दिवसभरात पोराने केले असते त्याच्या पाव ढीगही होत नव्हते आणि जे झाले ते बसकट. तिला रडू येत नव्हतं. राग येत होता आणि रागाने ढीग उंच होत नाहीत याचा आणखी राग येत होता.

अदाकू रोज दुपारी कोठडीवर जेवण पोचवायची. त्या दिवशी परत आली आणि बांधावर बसली, पोटावर हात ठेवून. नवऱ्याच्या पाठीवर वळ आहेत म्हणाली. त्याने विचारलं, आपल्या रानात किती झालं. आपण खोटंच सांगितलं, अर्धं झालं. मग म्हणाली, एक मात्र बरं आहे, तो शिपाई आता रश्श्यात बोटं घालून मासा उचलत नाही.

ओयिदियाने कुदळ थांबवली. का नाही उचलत, असं तिने विचारलं.

"त्याने दोन्ही हातांना फडकी गुंडाळलीत. भाजलं म्हणतो."

"दोन्ही?"

"दोन्ही. पार मनगटापर्यंत."

दोन्ही हात मनगटापर्यंत भाजायला माणसाने उकळत्या हंडीला मिठी मारावी लागते. ओयिदिया तिथेच मातीत बसली. ओल्या लाल मातीने तिची बोटं बरबटलेली होती. ती तिने गवताला पुसली, तशी खालची जुनी काळी डागाळलेली कातडी वर आली. ती बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. गोठ्यामागे हातांनी खड्डा करून कंद पुरले, बुजवले. हात लाल झाले. गाव रानात. परसात वळचणीखाली भांडं, त्यात पाणी. अळूचं पान झाकलेलं भांडं म्हणजे उली, हे इथलं रांगतं पोरसुद्धा जाणतं आणि हात मागे घेतं. हे ठाऊक नसलेला माणूस गावात एकच होता.

घरी आल्यावर तिने रस्सा वाढला. माशाचं डोकं तिच्या घरात कायम घरातल्या पुरुषाचं, तो नसला की तिचं. ते तिने सुनेच्या वाडग्यात टाकलं.

"शेळीने नव्हते धुतले," ती म्हणाली.

अदाकूने एकदा सासूकडे बघितलं, एकदा डोक्याकडे, आणि गुपचूप खायला लागली.

कळणं वेगळं आणि कोर्टात सांगणं वेगळं. न्यायाला चीफच बसणार. साहेब असला तरच बोलण्यात अर्थ आणि साहेब यायला अजून अवकाश होता. तोवर डाग गेला म्हणजे मग ती आपली चोराची आई.

एवढ्यात चीफचं बोलावणं आलं. नवरीचं अंग अजून कोरंच होतं आणि या कामाला दुसरी बाई नव्हती. ज्याने आपला मुलगा बांधून नेला त्याच्या बायकोच्या पोटावर जाऊन वेली काढायच्या. ओयिदियाने नवी फळं ठेचली, नव्या भांड्यात रस गाळला आणि गेली.

चीफ अंगणातच होता, ताडी पीत. पोराला जरा शिस्त लागू दे, म्हणाला; तुरुंगातून माणूस नीट होऊन येतो. ओयिदिया म्हणाली, हो, तुम्ही म्हणता तसंच. तिने आयुष्यात इतकं गोड कधी कुणाला काही म्हटलं नव्हतं. चीफ शहाणा असता तर त्याने तेव्हाच टोपी सांभाळली असती.

नवरी होती सोळा-सतरा वर्षांची, इझुंबा नावाची. लग्नाआधी मुलीला खोलीत बसवून खाऊ-पिऊ घालायची रीत, तशी बसवलेली, आणि बसून बसून जीव कंटाळलेली. ओयिदियाने काडी रसात बुडवली आणि तिच्या खांद्यापासून सुरुवात केली. गुदगुल्या झाल्या की मुलगी बोलायला लागते, हा तिचा जुना अनुभव. तिसऱ्या वेलीपाशी ओयिदियाने नाव काढलं शिपायाचं. बिचाऱ्याचं भाजलं म्हणे.

इझुंबा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. भाजलंय कसलं. रोज मागच्या अंगणात बसतो आणि हात घासतो. राख झाली, वाळू झाली, लिंबं झाली. स्वयंपाकीण म्हणते, चुलीत आता राख उरली नाही. घासताना रडतोसुद्धा. चीफ त्याच्यावर असा खेकसला, असा खेकसला.

वेल कोपरापर्यंत सरळ उतरली. घासून कसं निघेल, ओयिदिया म्हणाली, कातडीच निघेल. असल्या डागाला पामतेल. सकाळ-संध्याकाळ चोपडायचं, वर फडकं बांधून ठेवायचं, घासायचं म्हणून नाही. पण मी सांगितलं म्हणू नकोस बाई, तो मला वैरी समजतो.

पामतेलाने उली पक्की होते. नवरीच्या अंगावर वेली काढून झाल्या की तेल लावतात ते त्यासाठीच. इझुंबाला अजून कुणी तेल लावलं नव्हतं, त्यामुळे तिला ठाऊक नव्हतं. आणि दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय सांगायला मिळाला तर कोंडलेली मुलगी गप्प बसत नाही.

साहेब आला तेव्हा कोर्टाच्या छपराखाली पुरुष आणि बाहेर उन्हात बायका, अशी सगळी आळी जमली होती. आदल्या दिवशी बाजारात ओयिदिया भाजीवालीपासून मीठवालीपर्यंत एकेकीजवळ बसली होती. त्यांना तिने शपथ घातली नाही की रडून दाखवलं नाही. एवढंच विचारलं, की तुझ्या परसात जाऊन उद्या कुणी काही पुरलं तर तुझ्या पोराचं काय. आणि मग त्या भांड्याची गोष्ट सांगितली.

हॅलम साहेब उंच, लाल, घामाने चिंब. या भागात त्याला इतकी वर्षं झाली होती की तो स्वतःला इथला जाणकार म्हणवायचा. शेजारी दुभाष्या, खालच्या बाकावर न्यायाला बसलेले चीफ न्वोकेके आणि आणखी दोन टोप्या. इबेक्वेला आणलं, हात मागे बांधलेले, गुडघ्यांवर चीफच्या रानाची माती. साहेबाने पुराव्याचे कंद दाखवायला सांगितलं. मग कळलं की कंद खराब होत होते, म्हणून न्यायाधीशांनी ते खाल्ले. साहेबाने घाम पुसला आणि पुढे चला म्हणाला.

ओयिदिया उभी राहिली. बाईने बोलायचं का, यावर बाकावर कुजबुज झाली, पण साहेबाने हात हलवला. तिने शिपायाला एकच गोष्ट विचारली. झडतीच्या आधी तू माझ्या परसात कधी पाय ठेवलास का.

सॅम्युएलने पवित्र पुस्तकाची शपथ घेतली होती. कधीच नाही, तो म्हणाला.

मग तिने अदाकूला खूण केली. अदाकूने भांडं आणून साहेबासमोर ठेवलं. तळाला वाळलेली लाल माती, कडेला काळं पडलेलं. ओयिदियाने सगळं सांगितलं. त्या दिवशी गावात उली एवढ्याच भांड्यात होती आणि त्याच संध्याकाळी ती केळीला ओतली. झडती दुसऱ्या दिवशीची. झडतीच्या वेळी शिपायाचे हात खिशात होते, ते साऱ्या आळीने बघितलं. "ज्याने कंद पुरले त्याने माझ्या भांड्यात हात धुतले. त्याचं भाजलेलं दाखवा आम्हाला. बघू कसं भाजलं ते."

चीफ म्हणाला, आजारी माणसाची ही विटंबना आहे. साहेब म्हणाला, सोड फडकी.

फडकी सुटली. भाजल्याची खूण नव्हती. दोन्ही तळहात मनगटापर्यंत, बोटांच्या पेरांपासून नखांच्या मुळांपर्यंत, हंडीच्या बुडासारखे काळे आणि पामतेलाने चकाकणारे. इबेक्वेने मान वर केली.

साहेबाने पुढे वाकून बघितलं. उलटून बघितलं, सुलटून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकला आणि काहीतरी बोलला.

दुभाष्याने हातातल्या कागदात डोकं घातलं.

"काय म्हणाला?" ओयिदियाने विचारलं.

दुभाष्याने जमिनीकडे बघत सांगितलं. साहेब म्हणतात, हात काळे आहेत, मग त्यात काय. तुम्हा सगळ्यांचेच काळे आहेत.

कुणी हसलं नाही. इतकी वर्षं हा माणूस यांच्यात राहिला. यांच्या हातचं जेवला, यांच्या खांद्यावरच्या डोलीतून नद्या ओलांडल्या, यांच्या हातून रस्ता करून घेतला, यांना फटके आणि तुरुंग दिले. आणि यांच्यातल्या एकाचाही तळहात त्याने बघितला नव्हता.

ओयिदियाला पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण मध्ये दुभाष्या होता. तिने दोन्ही हात वर केले आणि तळवे साहेबाकडे केले. बोटांची टोकं काळी, मधला तळवा फिका, त्यावर फुटलेल्या फोडांची लाल वर्तुळं.

मग अदाकूने हात वर केले. मग उन्हातल्या बायकांनी, मीठवालीने, भाजीवालीने, पाठ फिरवून गेलेल्या शेजारणींनी. मग पुरुषांनी, जरा उशिराने आणि एकमेकांकडे बघत. फिके, घट्टे पडलेले, चिरा पडलेले तळवे सगळीकडून साहेबाकडे बघत होते. शेवटी दुभाष्याने हातातला कागद काखेत धरला आणि आपलेही हात वर केले. बाकावरच्या दोन टोप्यांनीही केले. न्वोकेकेने तेवढे मांडीखाली घातले.

साहेबाने ते सगळे हात बघितले. मग सॅम्युएलचे बघितले. तो आधीच लाल होता, त्यामुळे त्याला काही वाटलं की नाही हे सांगता येत नाही.

निकाल लागला. पुरावा उपलब्ध नाही, सबब आरोपीला सोडावं. शिपायाची बदली दुसऱ्या कोर्टात. तिथे त्याला बढती मिळाली, हे गावाला पुढे कळलं. चीफची टोपी चीफच्याच डोक्यावर राहिली. त्याच्या रानात इबेक्वेने घातलेले ढीग सरळ, उंच आणि देखणे होते, ते कुणी मोजले नाहीत. ओयिदियाचे बसकट ढीग पावसात अर्धे वाहून गेले होते.

पण हॅलम साहेब मनाने चांगला होता, असं सगळे म्हणतात. उठून जाताना तो इबेक्वेसमोर थांबला. झाल्या गोष्टीचं वाईट वाटलं, एवढं दुभाष्याकडून सांगितलं आणि हस्तांदोलनासाठी आपला हात पुढे केला.

इबेक्वे नुसता उभा राहिला. साहेबाचा हात पुढेच होता. साहेबाच्या कपाळावर आठी आली. उद्धटपणा वाटला असावा.

इबेक्वेचे हात अजून मागे बांधलेलेच होते. ते सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ओयिदिया मुलाच्या पाठीमागे जाऊन गाठीपाशी वाकली. त्यांच्याच कोठारातली दोरी होती ती, चांगली, चिवट, इबेक्वेने स्वतः वळलेली. साहेब हात पुढे धरून उभा होता आणि आळी बघत होती. गाठ घट्ट होती, आणि ओयिदियाला काही घाई नव्हती.